नखरेल झाडाचं माहेर

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरच्या वस्तू खाली येतात. लोणच्याची चिनी मातीची बरणी, पितळी घंगाळ, दांडी तुटलेली किटली. टाकवत नाहीत आणि वापरातही येत नाहीत. मग ‘हिच्यात झाड लावू या’ असं ठरतं. तेही नेहमीचं मनीप्लँट नको, येणारा-जाणारा थबकेल असं काहीतरी हवं. मला ही हौस मनापासून आवडते. घरात एखादं झाड निव्वळ गमतीसाठी असावंच.

मात्र झाडाचा नखरा आपल्यासाठी नसतो. तो त्याच्या माहेरच्या हवापाण्यातून आलेला असतो. ते माहेर समजून घेतलं, तर झाड टिकतं आणि भांडंही शोभतं.

नर्सरीत मिळणारं ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ बघा. हिरव्या मण्यांच्या माळा लोंबत असतात. हे झाड दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या भागातलं. गोल पानात पाणी भरपूर मावतं आणि पृष्ठभाग कमी असल्यानं उडून कमी जातं. प्रत्येक मण्यावर एक पारदर्शक रेघ असते, तिच्यातून उजेड आत पोचतो. पाण्याची एवढी काटकसर करणाऱ्या झाडाला रोज तांब्याभर पाणी घातलं तर ते कुजणारच. शिवाय ते विषारी आहे. रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात ते नकोच.

लाजाळू मुलांच्या फार आवडीचं. पानाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यातलं पाणी झटकन सरकतं आणि पान मिटतं. जगदीशचंद्र बोस यांनी या झाडावर आणि आपोआप पानं हलवणाऱ्या ‘टेलिग्राफ प्लँट’वर प्रयोग केले होते. पण मिटलेल्या पानाला ऊन कमी मिळतं, म्हणजे अन्नही कमी. म्हणून लाजाळूची जागा दिवाणखान्यातल्या टीपॉयवर नाही, गॅलरीतल्या उन्हात आहे. मुलांनाही सांगावं, एकदा हात लावून बघ, मग त्याला उमलू दे.

बरणीसाठी माझा कौल ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ला. दोऱ्याएवढ्या बारीक वेलीवर बदामाच्या आकाराची, रुपेरी नक्षीची पानं. जॉन मेडली वूड यांना ही वेल 1881 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात खडकांवरून लोंबताना सापडली. म्हणूनच तिला उंच भांडं हवं आणि माती मात्र थोडीच पुरते. बरणीत एक वाटी पालथी घालावी, तिच्यावर भोकं असलेली छोटी प्लास्टिकची कुंडी ठेवावी, म्हणजे वेल तोंडाशी येते. बरणीच्या तळाशी खडे घातले की पाण्याचा निचरा होतो, हा समज चुकीचा आहे. पाणी खड्यांच्या वरच्या मातीतच अडून राहतं. म्हणून पाणी देताना कुंडी बाहेर काढावी आणि पूर्ण निथळल्यावर परत ठेवावी. मातीत निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा मिसळावा. जागा खिडकीजवळची, भरपूर उजेडाची. माती कोरडी झाल्यावरच पाणी.

या वेलीची खरी गंमत फुलात आहे. तळाशी फुगीर, मध्ये नळी आणि वर टोकाशी जुळलेल्या पाच पाकळ्या, असा हा बोटभरही नसलेला कंदील. चिलटं आत शिरतात, पण नळीतले खाली वळलेले केस त्यांना बाहेर पडू देत नाहीत. फूल जुनं झालं की केस सुकतात आणि चिलटं परागकण घेऊन सुटतात.

असेच कंदील आपल्या सह्याद्रीतही लागतात. कंदीलपुष्प किंवा खरचुडी ही याच वेलीची सख्खी नातलग. तिच्या काही जाती महाराष्ट्राबाहेर कुठेही नाहीत. खाण्यासाठी कंद खणले जातात, गुरं चरतात, आणि या वेलींची संख्या घटत जाते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्मीळ जाती वाढवून पुन्हा रानात लावण्याचं मोलाचं काम केलं आहे. अशी वेल रानातून खणून बरणीत आणणं म्हणजे त्या कष्टांवर पाणी ओतणं. आणि पावसाळा सरला की ती वाळून कंदात जाते, बरणीत उरते नुसती माती. तिला बघायचं तर येत्या पावसाळ्यात कास पठारावर किंवा सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर जावं. घरात तिची आफ्रिकेतली बहीण आनंदानं नांदते.

नखरेल झाड विकत घेताना नर्सरीवाल्याला किंमत जरूर विचारा, पण त्याआधी हे विचारा: रोप इथंच फांदीपासून वाढवलंय, की रानातून उपटून आणलंय? उपटून आणलेलं असेल, तर कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.