पदवी घरबसल्या, पण पारखून

मैत्रिणींनो, परवा शेवगावहून धाकट्या जावेची लेक आली होती. दोन लेकरं, सासरी चार दुभती जनावरं, तरी शिकायचं म्हणते. मोबाइल पुढे करून म्हणाली, "मोठी आई, बघ ना, ऑनलाइन डिग्री! आजच पैसे भरले तर फीमध्ये सूट." मी म्हटलं, "थांब गं. आधी चहा घे."

मला माझे दिवस आठवले. बारावी झाली आणि लगेच लग्न. कॉलेज तालुक्याला, एसटीचा भरवसा नाही. अशात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं नाव कानावर आलं. राज्याच्या कायद्याने १ जुलै १९८९ रोजी ते सुरू झालं. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. नवीन कॉलेजं बांधत न बसता त्यांनी गावोगावच्या कॉलेजांतच अभ्यासकेंद्रं काढली. पुस्तकं मराठीत, घरी एकटीने वाचली तरी समजावीत अशी. रविवारी वर्ग, बाकी आठवडा चुलीपुढे अभ्यास. म्हणून तर माझ्यासारखीला जमलं. सासूबाई लेकरं सांभाळायच्या, मी पिशवीत भाकरी आणि पुस्तकं घेऊन निघायची. १९९८ साली बी.ए. झाले.

शेजारपाजारी मात्र "पोस्टाची डिग्री" म्हणायचे. हसण्यावारी नेलं. पण २००१ मध्ये एका कचेरीत नोकरीचा अर्ज घेऊन गेले, तर बाबूने प्रमाणपत्र उलटंपालटं करून परत सरकवलं. म्हणाला, "मुक्तचं इथं चालत नाही." माझ्या हातात उलट बोलायला एक कागद नव्हता. परतीच्या एसटीत डोळ्यांतलं पाणी थांबेना.

तो कागद पुढे निघाला. मुक्त विद्यापीठांच्या पदव्या इतर विद्यापीठांच्या पदव्यांच्या बरोबरीच्या मानाव्यात, असं परिपत्रक विद्यापीठ अनुदान आयोगाने २००४ मध्ये काढलं. तोवर माझं नोकरीचं वय उलटून गेलं होतं. २०२२ मध्ये आयोगाने पुन्हा स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीसारखीच धरायची.

यातला 'मान्यताप्राप्त' हा शब्द सोडू नका. किराणा घेताना आपण डाळ निवडून घेतो, मग पदवी का नाही? आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर यादी असते. संस्थेचं नाव तर बघाच, पण आपल्याला हवा तो अभ्यासक्रम आणि ते वर्षही त्यात आहे का ते बघा. संस्था मान्य असली तरी अभ्यासक्रम मान्य असतोच असं नाही. परीक्षा नाही, अभ्यास नाही, नुसते पैसे भरा म्हणणाऱ्याला तर दारातूनच वाटेला लावा.

आम्ही दोघींनी ती यादी उघडली. जाहिरातीतलं नाव त्यात नव्हतंच. पोरीचा चेहरा उतरला. मी तिला माझी जुनी पुस्तकं दाखवली, समासात लेकराने पेन्सिलीने ओढलेल्या रेघांसकट. ती हसली. म्हणाली, "मग चांगलं विद्यापीठ शोधू. पण मोठी आई, रविवारी माझी पोरं कोण सांभाळणार?"

मी म्हटलं, "आण इकडे. माझीही कुणीतरी सांभाळली होतीच की."