विश्लेषण : दगडी भिंत फोडून दार काढणे ‘एका दिवसाचे काम’ का नाही?

वाटणी झाली, रस्त्याच्या बाजूला दुकान काढायचे ठरले किंवा अंधाऱ्या माजघरात उजेड हवासा वाटला, की जुन्या घराच्या दगडी भिंतीवर पहार पडते. गवंडी म्हणतो, ‘एका दिवसाचे काम आहे.’ घरमालकालाही तेच ऐकायचे असते. प्रत्यक्षात जुन्या घरात होणाऱ्या कामांपैकी सर्वांत धोकादायक कामांत याचा समावेश करायला हवा.

आमच्या गावाकडच्या घराची वाटणी झाली तेव्हा चुलत्यांच्या वाट्याला आलेल्या दोन खोल्यांना बाहेरून दार नव्हते. मधल्या भिंतीत दार काढायचे ठरले. दोन माणसे सकाळी पहार घेऊन आली आणि दुपारपर्यंत माणूस वाकून जाईल एवढे भगदाड पडलेही. वरून थोडी थोडी माती गळत होती. ‘जुनी माती आहे, थांबेल,’ असे सांगितले गेले. सगळे जेवायला उठले आणि भगदाडावरचा भाग आतल्या खोलीत बसला. खाली कोणी नव्हते, एवढाच काय तो दैवाचा भाग. बाकी जे घडले ते दैवाचे नव्हते, कामाचा क्रम चुकल्याचे होते.

जुन्या घरांना नवी दारे का लागतात?

‘जुने आहे तसे ठेवा’ हा सल्ला शहरात बसून देणे सोपे आहे. ही घरे बांधली गेली ती एकत्र कुटुंबासाठी. उन्हापासून आणि चोरांपासून बचाव हा त्यांचा पहिला हेतू होता. त्यामुळे मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक माळवदाच्या घरांत एक मोठे दार, एखादा झरोका आणि भिंतीत भरपूर कोनाडे, एवढाच प्रकार दिसतो. चुलीच्या धुरात आणि अंधारात स्वयंपाकघरातल्या बायकांनी आयुष्ये काढली. त्यांना खिडकी हवी असेल तर ती मागणी रास्तच आहे. एका घराची तीन घरे झाली तर तीन दारे लागणारच. प्रश्न दार काढावे की नाही हा नाही. ते कुठे आणि कसे काढावे हा आहे.

दगडी भिंत उभी कशी राहते?

दोन-अडीच फूट जाडीची भिंत पाहिली की ती एकसंध आहे असे वाटते. बहुतेक घरांत ती तशी नसते. बाहेरच्या अंगाला बऱ्यापैकी घडवलेले दगड, आतल्या अंगाला तसेच किंवा ओबडधोबड दगड आणि मधल्या पोकळीत माती, खडी, दगडाचे तुकडे यांचा भराव, अशी तिची रचना असते. म्हणजे खरे तर त्या शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन भिंती असतात. त्यांना एकत्र बांधतो तो आरपार दगड, म्हणजे भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत जाणारा लांब दगड. जाणत्या पाथरवटाने असे दगड ठरावीक अंतरावर घातलेले असतात. घाईत किंवा काटकसरीत बांधलेल्या घरांत ते नसतातच.

वरचे वजन दगडावरून दगडावर उतरत पायापर्यंत जाते. चुन्यातली भिंत थोडा तरी ताण धरून ठेवते. मातीतली भिंत जवळपास केवळ वजनाने आणि दगडांच्या एकमेकांवरच्या बैठकीने उभी असते. त्यातला एक दगड काढला की शेजारचे थोडे सरकतात आणि नवा समतोल शोधतात. अनेक दगड एकदम काढले, तर तो समतोल सापडायला वेळच मिळत नाही.

भगदाड पाडल्यावर नेमके काय होते?

दाराच्या वरच्या त्रिकोणी भागातल्या दगडांचा आधार जातो. चांगल्या बांधणीच्या भिंतीत या त्रिकोणाच्या वरचे वजन कमानीसारखे दोन्ही बाजूंना वळते. ४ फूट रुंद दार आणि अडीच फूट जाडीची भिंत धरली, तर केवळ त्या त्रिकोणाचे वजन सुमारे एक टन भरते. रुंदी दुप्पट केली की ते चौपट होते. रस्त्याकडेच्या भिंतीत दुकानाचे शटर बसवण्यासाठी आठ-दहा फुटांचे तोंड काढणे म्हणूनच दारापेक्षा कितीतरी वेगळे काम आहे. तिथे कमान धरण्याइतकी उंची भिंतीत उरतही नाही आणि छपराचा भारही थेट खाली येतो. मातीतल्या विस्कळीत भिंतीत तर कमान धरेल, याची खात्रीच देता येत नाही.

माळवदाचा भार वेगळा. दीड फूट मातीचा थर असेल, तर प्रत्येक चौरस मीटरला सातशे-आठशे किलो वजन सहज होते. म्हणून पहार उचलण्याआधी मान वर करून पाहायचे, की तुळई लाकडी खांबावर टेकली आहे की भिंतीत शिरली आहे. खणाच्या घरांत अनेकदा छप्पर खांबांवर असते आणि भिंत नुसता आडोसा असते. तुळई भिंतीवर टेकली असेल, तर तिच्या टोकाखाली दार काढणे म्हणजे छपराचा पाय काढून घेणे.

किल्लारीने काय शिकवले?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली गाडली गेली. भूकंप मध्यम तीव्रतेचा होता. जीव घेतले ते जाड भिंतींनी आणि त्यांच्यावरच्या मातीच्या ओझ्याने. धक्क्यात भिंतींची दोन अंगे एकमेकांपासून सुटली, फुगली आणि कोसळली. ज्या भागाची तोवर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणना होती, तो २००२ च्या सुधारित नकाशात तिसऱ्या क्षेत्रात आला.

त्यानंतर उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीसाठी जे उपाय पुढे आले, त्यातला एक या विषयाशी थेट जोडलेला आहे. भारतीय मानक संस्थेच्या दुरुस्तीविषयक मानकात तो दिलेला आहे. भिंतीत साधारण मीटर-मीटर अंतरावर एकेक दगड हलक्या हाताने सैल करून काढायचा, मागचा भराव उकरून दुसऱ्या अंगापर्यंत सुमारे ७५ मिलिमीटरचे छिद्र न्यायचे, त्यात आकडा वळवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचे आणि किमान दहा दिवस पाणी मारायचे. म्हणजे आरपार दगड नंतर बसवायचा. छिद्र घणाचे घाव घालून पाडू नये, असेही त्यात बजावले आहे. त्याच भिंतीला, त्याच दगडांत भोक पाडायचे. पण इथे ते भिंत वाचवते. कारण दगड एकेक निघतो, धक्का बसत नाही आणि काढलेल्याच्या जागी अधिक मजबूत काहीतरी लगेच येते. दार काढतानाही हेच तत्त्व पाळावे लागते.

काम कोणत्या क्रमाने करावे?

आधी टेकू, मग तुळई, शेवटी दार. आपल्याकडे नेमके उलटे होते. आधी भगदाड, मग त्यात चौकट आणि सर्वांत शेवटी चौकटीवर कडाप्पा किंवा काँक्रीटची पट्टी.

पहिल्यांदा दोन्ही बाजूंना छपराच्या तुळयांखाली टेकू लावायचे. टेकूखाली फळी हवी. नुसत्या शेणाच्या जमिनीत तो रुततो. त्यानंतर दाराच्या वरच्या रेषेत एका अंगाने, भिंतीच्या निम्म्या जाडीपर्यंतच खाच घ्यायची. तीत लोखंडी गर्डर किंवा तयार काँक्रीटची तुळई बसवायची. दोन्ही बाजूंना ती किमान फूटभर तरी भिंतीवर टेकली पाहिजे आणि टेकणाऱ्या जागी मातीऐवजी काँक्रीटची बैठक हवी. तुळई आणि वरचे दगड यांतली फट लोखंडी पाचरी आणि घट्ट मसाला ठासून भरायची. तो पक्का झाल्यावर दुसऱ्या अंगाने तेच करायचे. दोन्ही तुळया एकमेकींना जोडून घ्यायच्या. मग खालचे दगड वरून खाली, एकेक करून काढायचे. शेवटी दोन्ही बाजूंच्या उघड्या कडा आरपार दगडांनी बांधून घ्यायच्या. नाहीतर तिथून भराव ओघळत राहतो.

सर्वाधिक घरांत होणारी चूक म्हणजे बाहेरच्या अंगाखाली एकच तुळई घालणे. समोरून काम देखणे दिसते, आतले अंग मात्र चौकटीच्या लाकडावर लटकत राहते. काही वर्षांनी दार घट्ट लागू लागते आणि आपण सुताराला बोलावतो. सुताराने दार तासायचे, की भिंत काय सांगते आहे ते ऐकायचे?

कुठे दार काढूच नये?

कोपऱ्यापासून दोन-अडीच फुटांच्या आत, दोन भिंती मिळतात तिथे, तुळईच्या टोकाखाली, आधीच फुगलेल्या किंवा ओळंब्यातून सुटलेल्या भागात आणि वरच्या मजल्याच्या खिडकीच्या बरोबर खाली. जुना कोनाडा असेल तर तिथे जाडी आधीच कमी असते. म्हणून ती जागा सोयीची वाटते, पण मागे काय उरले आहे ते पाहिल्याशिवाय हात लावू नये. पावसाळ्यात, भिंत पाणी प्यालेली असताना तर हे काम नकोच. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्याची भिंत अधिक नेटकी आणि कापायला सोपी असते. त्यामुळे तिथे यंत्राने कापण्याचा मोह होतो. कापणे सोपे झाले म्हणून वरचे वजन कमी होत नाही.

परवानगीचे काय?

२०१६ ची राष्ट्रीय बांधकाम संहिता दार-खिडकी उघडणे वा बुजवणे, आतून ये-जा करण्यासाठी दार ठेवणे यांना परवानगीची गरज नसलेल्या किरकोळ बदलांत धरते. पण त्यात अट आहे : इमारतीच्या स्थैर्याला बाधा येता कामा नये. खांब-तुळयांच्या काँक्रीटच्या इमारतीत मधली विटांची भिंत नुसता पडदा असते. तिथे ही सवलत योग्यच आहे. दगडी घरात भिंत हाच सांगाडा असतो. तिथे सवलतीपेक्षा अट मोठी. प्रत्यक्षात सवलत सगळ्यांना ठाऊक असते, अट कोणाला नाही. सामाईक भिंत असेल तर पलीकडच्या घराला न विचारता केलेले काम हा केवळ भांडणाचा विषय नसतो, पलीकडे झोपणाऱ्यांच्या जिवाचा असतो.

मग उपाय काय?

गवंड्याला दोष देऊन हात झटकणे योग्य नाही. दगडाचे काम जाणणारे पाथरवट कमी होत गेले आणि काँक्रीटवर हात बसलेली पिढी आली. तिला दगडी भिंत म्हणजे जाड विटांची भिंत वाटते. एका दिवसाचे पैसे देऊन आठ दिवसांचे काम मागणारे आपणच आहोत. टेकू भाड्याने आणणे, दोन गर्डर घेणे, अभियंत्याला एकदा घरी बोलावणे, यांचा खर्च चौकटीच्या कोरीव कामापेक्षा अनेकदा कमी असतो. पण चौकट पाहुण्यांना दिसते आणि गर्डर गिलाव्याखाली जातो.

किल्लारीनंतर या राज्याने दगडी घरांविषयीचे ज्ञान फार मोठी किंमत मोजून मिळवले. ते मानकांच्या पुस्तकांत पडून राहण्यात अर्थ नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत ‘आधी टेकू, मग तुळई, शेवटी दार’ हे चित्रांसह सांगणारा एक तक्ता लागू शकतो. घरकुल आणि दुरुस्तीच्या योजनांत गवंड्यांच्या प्रशिक्षणात दगडी भिंतीचे दोन दिवस असू शकतात. वाटणीच्या कागदावर खोल्यांची नावे लिहिताना नवे दार कोणत्या भिंतीत निघणार आणि त्याचा खर्च कोण करणार, हेही लिहिता येईल.

तोवर घरमालकाने एवढे तरी करावे : गवंडी पहिल्या दिवशी टेकूऐवजी पहार घेऊन आला, तर त्याला चहा पाजावा आणि परत पाठवावा.