दंडाची पावती जपा!

परभणीच्या न्यायालयात जमिनीची कामे करणाऱ्या वकिलांना तोटा नाही. प्लॉटचा तीस वर्षांचा शोध अहवाल, खरेदीखत, फेरफार. आमचेही पोट त्यावरच चालते. पण जिंतूर-गंगाखेडकडून गायरान कसणारी माउली येते, तेव्हा तिच्याकडे सातबारा नसतो. पदराच्या गाठीत दंडाची जुनी पावती असते. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा. त्यासाठी ही पावती आणि गाव नमुना १-ई मधील नोंद हाच भक्कम पुरावा. पण या कामात फी नाही, म्हणून बाबासाहेबांमुळे वकील झालेले आमचेच बांधव तिकडे फिरकत नाहीत! दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहात लोक तुरुंगात गेले, ते याच जमिनीच्या मागणीसाठी. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या पावत्या गोळा करून आणाव्यात. नोंदीच्या नकला आम्ही काढू.