घुबडाचें नांव आणि गरिबाची खूण

रात्रीं झाडाच्या ढोलींतून घुबड बोललें कीं घरांतलीं माणसें दचकतात. त्या पक्ष्यानें आमचें कांहींच बिघडविलेलें नसतें. उलट धान्य खाणारे उंदीर मारून तो शेतकऱ्याचें हितच करतो. पण तो अंधारांत हिंडतो, एवढ्यावरून आम्हीं त्यास अशुभ ठरविलें, आणि लोकांपुढें यावयास कचरणाऱ्या माणसालाहि ‘दिवाभीत’ म्हणूं लागलों.

असें केवळ आमच्याकडेच घडलें असें नाहीं. इंग्लंडच्या जुन्या कायद्यांत ‘आउलिंग’ नांवाचा एक गुन्हा होता. आउल म्हणजे घुबड. मेंढरें अगर लोंकर चोरून परदेशीं नेण्याचें काम बहुधा रात्रीं चाले, म्हणून हें नांव पडलें, असें न्यायपंडित ब्लॅकस्टन यांनीं १७६९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडांत नमूद केलें आहे. १५६६ च्या कायद्यान्वयें जिवंत मेंढरें बाहेर नेणाराची मालमत्ता जप्त होई, त्यास वर्षभर तुरुंगवास घडे, आणि अखेरीस भर बाजारांत त्याचा डावा हात तोडून तेथेंच खिळ्यानें ठोकीत. मेंढराचें मोल एवढें, मग माणसाच्या हाताचें किती?

गुन्हा न करतांहि रात्र गरिबास बाधत असे. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याप्रमाणें रात्रीं जाणाऱ्या परक्या माणसास पहारेकरी सकाळपर्यंत अडकवून ठेवीत. ज्यास घर आहे तो घरांत निजे. ज्यास नाहीं त्यानें जावें कोठें? पुढें १६९७ मध्यें असा कायदा झाला कीं, पॅरिशकडून मदत घेणाऱ्या गरिबानें उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचें ‘पी’ हें अक्षर शिवून वागवावें. चोरटा अंधारांत दडे. या निरपराध्यास मात्र खूण लावून उजेडांत उभें केलें. ही खूण १८१० मध्यें रद्द झाली.

तथापि त्याच देशाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १४९५ मध्यें तेथें गरिबास फी न भरतां फिर्याद करण्याची मोकळीक मिळाली. अशा फिर्यादीस ‘पॉपर’ म्हणत. आमच्या १९०८ च्या दिवाणी कायद्यांत तोच शब्द आला. १९७६ च्या दुरुस्तीनें तो काढून त्याचे जागीं निर्धन व्यक्ति या अर्थाचा शब्द घातला. सवलत कायम राहिली; हिणविणारें नांव तेवढें गेलें.

हें सारें येथें लिहिण्याचें कारण आहे. शाळेंतील फीमाफीस आपल्याकडे ‘नादारी’ म्हणत, आणि नादार मुलांचीं नांवें वर्गांत मोठ्यानें वाचीत. तो शब्द आतां मागें पडला. पण जेथें सवलतीच्या अर्जासाठीं मुलांस अजूनहि सर्वांदेखत उभें करतात, तेथें ती रीत मोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. कोणी म्हणतील, उघडपणें केलें नाहीं तर ऐपतदारहि सवलत लाटतील. परंतु खरेंखोटें ठरतें तें कागदपत्रांवरून, आणि कागद तपासण्याचें स्थान कचेरी आहे, वर्ग नव्हे. सोबत्यांच्या नजरेंतून दाखल्याची पडताळणी होत नसते. त्या नजरेच्या धाकानें खरा गरजू मुलगाच अर्ज करावयाचें टाळतो, आणि सवलत ज्याच्यासाठीं आहे त्यास ती मिळत नाहीं.

म्हणून अर्ज बंद पाकिटांत घ्यावे व निकाल पालकांस खाजगी रीतीनें कळवावा. पालकांनीं घरीं ‘अमक्याची फी कोण भरतो?’ हा प्रश्न मुलांस विचारूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, शेजारच्या बांकावरच्या मुलाची फी माफ आहे हें तुम्हांस कळलेंच, तर तें मनांतच ठेवा. आम्हीं ठेवलेलें नांव घुबडास कळत नाहीं. मुलास तें कळतें, आणि तो तें जन्मभर विसरत नाहीं.