सहाध्यायांची तक्षीम

मुलांनी मुलांना शिकविण्याइतके शहाणपण त्यांच्यापाशी असते, तर शुल्क भरून त्यांनी महाविद्यालयात नाव घातलेच कशाला असते, असा सवाल उभी हयात फळ्यापुढे घालविलेल्या माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी परवा मला केला. पदवीच्या पहिल्या वर्षाला पदार्थविज्ञान शिकविताना वर्ग सुटल्यावर मोबाइलवर किंवा संगणकावर एकमेकांच्या शंका लिहून सोडविण्याचा आणि चौघापाचांनी मिळून एकच टिपण तयार करण्याचा जो प्रघात मी पाडला आहे, त्याचा विषय निघाला होता, आणि गृहस्थांनी एका दमात तीन हरकती नोंदविल्या. अडाण्यांची गाठ अडाण्यांशी घातल्याने अज्ञानाची बेरीज होते, ज्ञान होत नाही, ही पहिली; विद्या ही गुरूच्या मुद्रेवरून, स्वरावरून आणि त्याच्या थांबण्यावरूनही घ्यावयाची असते, ती पडद्यावरच्या मजकुरात उतरत नाही आणि उतरतो तो नुसता चव्हाटा, ही दुसरी; आणि सहकार्य हे नकलेला दिलेले सभ्य नाव आहे, ही तिसरी. पूर्वपक्ष मांडावयाचा तो प्रतिपक्ष्यालाही मान डोलवावीशी वाटेल इतक्या नेटकेपणाने मांडावयाचा, असा आपल्या शास्त्रकारांचा शिरस्ता आहे. तो पाळण्याचा मी यत्न केला आहे, आणि हरकती पोकळ नाहीत हेही आरंभीच कबूल करतो.

पहिली हरकत सर्वांत भारदस्त, म्हणून तिची रुजवात आधी घालू. हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे एरिक माझूर यांना आपले अध्यापन उत्तम चालले आहे असे वाटत असे, आणि तसे वाटावयास जागाही होती. मुले अवघड गणिते सोडवीत आणि प्राध्यापकांची वाखाणणी करीत. परंतु १९९०च्या सुमारास, अवजड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली असता कोणावर अधिक बल पडेल, अशा साध्या जातीच्या प्रश्नांची कसोटी त्यांनी वर्गापुढे ठेवली, तेव्हा सूत्रे मुखोद्गत असलेल्यांपैकी पुष्कळांची गाळण उडाली. माझूरांनी फळ्यावर एकदा समजावून दिले, रीत पालटून पुन्हा समजावून दिले, तरी चेहरे कोरेच. अखेर हात टेकून त्यांनी मुलांना आपापसांत बोलावयास सांगितले, आणि प्राध्यापकांना जे साधले नव्हते ते काही मिनिटांत त्या गलबल्याने साधले. १९९१पासून त्यांनी आपली अध्यापनपद्धतीच या पायावर उभी केली. याचे कारण गूढ नाही. ज्याला एखादी गोष्ट तीस वर्षांमागे कळली, त्याला ती न कळणे म्हणजे काय याचा विसर पडलेला असतो. ज्याला ती काल सायंकाळी कळली त्याच्या अंगठ्याची ठेच अजून ठणकत असते, आणि वाटेतला दगड नेमका कोठे आहे हे तोच सांगू जाणे.

जमलेल्यांत जाणता एकही नसेल तर काय, असे यावर विचारता येईल. कोलोरॅडो विद्यापीठातील आनुवंशिकीच्या वर्गावर बेतलेला एक अभ्यास २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गटातल्या कोणालाच मूळ उत्तर ठाऊक नसतानाही चर्चेनंतर त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न मुले अधिक बरोबर सोडवितात, असा त्याचा निष्कर्ष होता. हे दोन्ही दाखले समोरासमोरच्या वर्गातले आहेत, हे माझे स्नेही तात्काळ दाखवून देतील. म्हणून तिसरा दाखला माझ्याच दप्तरातून देतो.

न्यूटनचा तिसरा नियम शिकवून झाल्यावर मी चर्चेसाठी एक जुनेच कोडे टाकले: बैल गाडीला जितक्या बलाने पुढे ओढतो तितक्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते, तर मग गाडी चालते कशी? पहिल्या रात्री बहुमत असे पडले की, बैल किंचित अधिक जोराने ओढीत असला पाहिजे, म्हणजे न्यूटनमहाशयच किंचित चुकले असले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी एका मुलीने लिहिले की, ही दोन बले दोन निरनिराळ्या वस्तूंवर पडतात, ती एकमेकांतून वजा करावयाचा अधिकार आपल्याला कोणी दिला? यावर बरीच खडाजंगी झाली. तिसऱ्या रात्री साडेअकरा वाजता, वर्गात तोवर ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता अशा एका मुलाने चारच ओळी लिहिल्या. त्यांचा आशय असा की, आमच्या शेतावर पावसाळ्यात चिखल झाला म्हणजे तोच बैल आणि तीच गाडी असूनही बैलाचे पाय घसरतात आणि गाडी जागची हलत नाही, आणि पत्र्या मारून आणलेला बैल मात्र खूर रोवून गाडी काढतो. तेव्हा भानगड बैल-गाडीत नसून बैल आणि जमीन यांच्यात असावी. बैल जमिनीला मागे रेटतो, जमीन बैलाला पुढे रेटते, आणि तो रेटा चाकांच्या व रस्त्याच्या विरोधाहून जास्त भरला की गाडी सुटते, ही उपपत्ती पुढे अर्ध्या तासात इतरांनी पुरी केली. मला त्यात केवळ एक शब्द दुरुस्त करावा लागला.

दुसऱ्या हरकतीचे उत्तर या दाखल्यातच अर्धे येऊन गेले. वर्गात बोलावयाचे तर पन्नास जणांदेखत, प्रमाण भाषेत आणि तत्काळ बोलावे लागते. या तीन अटींनी किती मुले पुरती मुकी होतात याचा हिशेब आम्ही शिक्षकांनी कधी ठेवला नाही, कारण मुक्यांची तक्रार दप्तरी दाखल होत नसते. लिहिण्याला मात्र सवड असते. खोडता येते, पुन्हा वाचता येते, दुसऱ्याचे म्हणणे नीट समजून घेऊन मग खंडन करता येते. गुरूचा स्वर आणि मुद्रा पडद्यावर हरवतात हे खरे. पण त्यांच्यापायी येणारा धाकही हरवतो, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाच्या जमाखर्चात ही बाब जमेची पडते. शिवाय, सवंगड्यांपुढे लिहून मांडण्याची ही चाल पाताळयंत्री कलियुगाने काढलेली नाही. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. ते आपले निबंध एकमेकांपुढे वाचीत आणि त्यांवर वाद करीत, आणि तिच्या मराठी शाखेतून १८५० साली ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले. त्या सभेतल्या तरुणांनी पुढे विनावेतन मुलींच्या शाळांत शिकविले. मुलांनी मुलांना काय शिकवावयाचे, या सवालाचा एक जबाब त्या दप्तरात आहे.

नकलेची हरकत मात्र मला उलटी वाटते. चौघांची नावे घालून एकीनेच लिहिलेले जर्नल आमच्या महाविद्यालयांत इंटरनेटच्या पुष्कळ आधीपासून सुखेनैव नांदत आहे, आणि ओरलला ते उघडकीस येईलच याची शाश्वती नसते. सामाईक ऑनलाइन दस्तऐवजात कोणती ओळ कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता घातली आणि कोणी पुसली, याची नोंद आपोआप राहते. पाटबंधारे खात्याच्या रोजनाम्याला हेवा वाटावा इतकी चोख! गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी २००९ साली एक अनिर्णित प्रश्न इंटरनेटवर खुला टाकून ज्याला सुचेल त्याने मदत करावी असे आवाहन केले. ३७ दिवसांत २७ जणांनी मिळून सुमारे ८०० टिपणे लिहिली, आणि प्रश्न बहुतांशी सुटला. सिद्धता प्रसिद्ध झाली ती डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामुदायिक टोपणनावाने; तरीही फसलेल्या पावलांसकट प्रत्येकाचा हिस्सा कोणालाही तपासता यावा असा उघडा होता. श्रेय सामाईक आणि हिशेब व्यक्तिगत, ही गोष्ट कागदी वहीला कधीच जमली नाही.

माझ्या स्नेह्यांनी न घेतलेली चौथी हरकत मीच घेतो, कारण तिला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. २०२० साली शाळा-महाविद्यालये बंद झाली तेव्हा रेंजसाठी कोकणातली मुले डोंगर चढत होती. आजही घरात मोबाइल एकच, तो वडिलांपाशी, आणि वडील रात्री परतणार, अशी घरे थोडी नाहीत. एवढेच म्हणता येईल की, थेट प्रक्षेपणाच्या तासाला असा मुलगा कायमचा मुकतो; लिहिलेली चर्चा त्याची रात्रीपर्यंत वाट पाहते, आणि चार ओळींना दमडीइतकाच डेटा पुरतो.

आता स्वपक्षीयांचाही समाचार घेणे प्राप्त आहे. त्यांच्याइतके नुकसान या पद्धतीचे प्रतिपक्ष्यांनीही केलेले नाही. विद्येच्या चार तक्षिमा करून एक गुरूकडून, एक स्वबुद्धीने, एक सहाध्यायांकडून आणि एक कालांतराने मिळते, असे सांगणारे एक जुने सुभाषित आहे. केंद्र शासनाच्या ‘स्वयं’ या २०१७ साली सुरू झालेल्या उपक्रमाचेही, योगायोगाने, चारच पाद आहेत: चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकासमाधानाची ऑनलाइन चर्चा. पहिले तीन एकदा तयार केले की वर्षानुवर्षे चालतात. चौथ्याला मात्र रोज माणूस लागतो, आणि म्हणूनच त्याची सर्वत्र आबाळ होते. पदवीच्या श्रेयांकांपैकी ४० टक्क्यांपर्यंत या वाटेने मिळविण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१पासून दिली आहे. म्हणजे सहाध्यायांची तक्षीम बुडाली तर आता पदवीच्याच अंगाला तोशीस लागणार आहे. यावर उत्साही मंडळींनी तोड काढली ती अशी की, प्रत्येकाने दोन प्रतिक्रिया लिहाव्यात आणि दोन गुण घ्यावेत. झाले, ‘छान मांडलेस’, ‘मीही सहमत’ आणि उंचावलेला अंगठा यांचा पूर लोटतो, आणि दोन गुणांचा रतीब घालून सर्व जण निद्राधीन होतात.

न्यायशास्त्राने कथेचे, म्हणजे शास्त्रीय चर्चेचे, वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले, ते याच अनुभवातून असावेत. तत्त्व जाणण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता नुसते खोडण्यासाठी होते ती वितंडा. (दोन गुणांसाठी होणाऱ्या चौथ्या प्रकाराला न्यायसूत्रकार गौतमाने नाव ठेवले नाही, त्याच्या काळी अंतर्गत मूल्यमापन नसावे.) वाद घडावयाचा तर प्रश्नच असा निवडावा लागतो की, ज्याच्या दोन चुकीच्या उत्तरांनाही थोडा थोडा आधार असतो; ज्याचे उत्तर पुस्तकाच्या पानावर सापडते त्यावर चर्चा ठेवणे ही शुद्ध तसदी आहे. आणि निवाडा शिक्षकाने अखेरीस द्यावयाचा, आधी नव्हे. त्याने आरंभीच तोंड घातले की मुले लेखणी खाली ठेवतात.

मी सोमवारी प्रश्न टाकतो आणि गुरुवारपर्यंत मौन पाळतो. या सत्रात ते दोनदा मोडले. एकदा ‘वजन’ आणि ‘वस्तुमान’ यांचा घोळ पाहवेना म्हणून, आणि एकदा मुले माझ्यावाचूनच उत्तरापाशी पोहोचत आहेत असे दिसले म्हणून.