साखरेचा फळा आणि पालकसभा

मे 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. दिवसाला किती साखर चालते आणि कोणत्या खाण्यात ती किती असते, हे मुलांना भिंतीवर दिसावे हा त्यामागचा हेतू. पाऊल चांगले आहे. पण फळा वाचून डबा बदलतो का?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला असाच प्रश्न पडला होता. चांगले मांस सैन्याकडे जात होते. घरी लोकांनी हृदय, गुर्दे खावेत अशी सरकारची इच्छा होती आणि गृहिणींना त्यांची किळस होती. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी आयोवात रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांचे सहा गट घेतले. तीन गटांना छान व्याख्यान दिले: जीवनसत्त्वे, देशाची गरज, वर पाककृतीही वाटल्या. उरलेल्या तीन गटांत बायकाच बोलल्या. घरचे नाक मुरडतात, शिजताना वास येतो, मग करायचे कसे? शेवटी विचारले, पुढच्या आठवड्यात कोण करून बघणार? तयार असलेल्यांनी हात उंचावले. वेळ दोन्हीकडे पाऊण तासच. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी असा नवा पदार्थ केला होता. चर्चा केलेल्यांपैकी 32 टक्के.

गट लहान होते, हे खरे. तरीही आपल्या आरोग्यशिक्षणाची सगळी भिस्त आजही व्याख्यानावरच आहे, याची मला खंत वाटते. 300 मिली कोलात 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते हे ठाऊक असलेल्या घरांतही बाटली येतेच. अडचण समोर मांडायला जागा नाही, चार लोकांदेखत ठरवायची वेळ येत नाही.

लेविन यांचा आणखी एक मुद्दा मोलाचा आहे. घरात जे येते तेच ताटात पडते, म्हणून घरात काय येते हे ठरवणाऱ्याला गाठा. आपल्याकडे हे ठरवणारी फक्त आई नसते. बिस्किटांचे पुडे बाबा आणतात, कुरकुरे आजोबा. डब्याचा दोष मात्र आईच्या माथी.

म्हणून मुख्याध्यापकांना विनंती आहे. पुढच्या पालकसभेत आहारतज्ज्ञांचे भाषण निम्मे करा. आई, बाबा, आजी-आजोबा, जे येतील त्यांना वर्गवार बसवा आणि एकच बदल त्यांनाच ठरवू द्या. वाढदिवसाला चॉकलेट वाटायचे नाही, एवढा चालेल. आणि त्यापुढच्या सभेत पहिला प्रश्न त्याचाच विचारा.