जीर्णोद्धाराची विद्या

दीपोत्सव जवळ आला की घराच्या भिंतींना रंग चढतो, गळक्या कौलांची डागडुजी होते आणि महाराष्ट्रातील अंगणांतून मुलांच्या हातांनी मातीचे किल्ले उभे राहतात. आता तर महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी अशा १२ दुर्गांना जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाल्यामुळे त्या बालक्रीडेला निराळाच गौरव प्राप्त झाला आहे. या बहुमानाने आपणा सर्वांस धन्यता वाटावी हे स्वाभाविकच होय. परंतु यादीत नाव दाखल झाल्याने ढासळता बुरूज सावरत नाही, आणि तो सावरण्याची कामगिरी ज्याच्याकडे सोपवावयाची त्या अभियंत्याला आपण त्या कामाचे रीतसर शिक्षण देतो काय, हा प्रश्न अभिनंदनाचे ठराव संमत करतानाच विचारला गेला पाहिजे.

सरकारी बांधकाम खात्याला शिकलेले दुय्यम अंमलदार मिळावेत या हेतूने पुण्यात १८५४ साली जो वर्ग सुरू झाला, त्यातूनच पुढे तेथील अभियांत्रिकी महाविद्यालय वाढले, आणि त्या परंपरेने धरणे, पूल व रस्ते बांधणाऱ्या कर्तबगार पिढ्या महाराष्ट्राला दिल्या. मात्र नवे उभारण्याची विद्या आणि जुने राखण्याची विद्या या एक नव्हेत. ज्याचा अभ्यासक्रम सिमेंट आणि पोलाद यांच्याभोवतीच फिरला, त्याला चुन्यात बांधलेली भिंत एक तर दुबळी वाटते किंवा धोकादायक; म्हणून तो तिच्या दरजा खरवडून त्यांत सिमेंट भरतो. वस्तुतः चुन्याची दरज सच्छिद्र आणि दगडाहून मऊ असते. भिंतीत मुरलेले पाणी तिच्या वाटे बाहेर पडते, आणि इमारत किंचित हलली तर तडा दगडात न जाता दरजेत जातो. तेथे सिमेंट आले की ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या पोटातच स्फटिकरूप धारण करतात आणि चांगल्या घडीव चिऱ्याचे पापुद्रे सुटू लागतात.

निष्ठा असूनही ज्ञान अपुरे पडले म्हणजे काय होते, याचा दाखला अथेन्सच्या अक्रोपोलिसवर मिळतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोलाओस बालानोस या अभियंत्याने तेथील मंदिरांचा जीर्णोद्धार केला. परंतु संगमरवराचे चिरे जोडणाऱ्या लोखंडी आकड्यांभोवती प्राचीन कारागीर जे शिसे ओतीत असत, ते त्याने वगळले. उघडे लोखंड गंजून फुगले, आणि सुमारे अडीच हजार वर्षे टिकलेले चिरे काही दशकांतच फुटू लागले. १९७५ साली नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते लोखंड काढून टायटॅनियमचे आकडे बसविण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले.

याउलट अठराव्या शतकाच्या मध्यास रोममधील सेंट पीटरच्या घुमटाला तडे गेले, तेव्हा पोप चौदावा बेनेडिक्ट याने प्रथम तीन गणितज्ञांकडून आणि नंतर पादुआच्या जोव्हानी पोलेनी याच्याकडून तपासणी करविली. पोलेनीने निरनिराळ्या वजनांचे गोळे दोरीत ओवून ती टांगली, तिचा लोंबता वक्र उलटा करून घुमटाच्या छेदाशी ताडून पाहिला, आणि भार दगडाच्या जाडीतूनच सुरक्षितपणे खाली उतरतो हे सिद्ध केले. घुमट पाडावा लागला नाही. त्याभोवती पाच नवी लोखंडी कडी तेवढी आवळण्यात आली. आधी असलेले बळ मोजावे, आणि उणे असेल तेवढेच पुरवावे, हे या शास्त्राचे सार होय.

आपल्याकडे हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली, ती जाड भिंतींच्या घरांतच. कारण त्या भिंतींच्या दोन अंगांना दगड आणि पोटात भराव असून ती दोन्ही अंगे सांधणारा आरपार दगड बहुधा नव्हता, त्यामुळे भूकंपाच्या हिसक्याने भिंती उकलल्या आणि मातीचे जड माळवद खाली आले. उरलेल्या घरांना बळकटी देताना भिंतींत आरपार सांधे घालणे आणि माळवदावरील माती हलकी करणे, असे साधे उपायच सांगण्यात आले. दोन अंगांमधील भराव गडांच्या अनेक तटांतही आहे, हे विसरून चालणार नाही.

इकोमॉस या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली जी तत्त्वे संमत केली, त्यांत अभियंत्यापुढे वैद्याचाच क्रम ठेवला आहे: आधी पूर्वेतिहास, मग निदान, त्यानंतर उपचार, आणि शेवटी उपचाराच्या परिणामावर देखरेख. युरोपातील काही विद्यापीठे या विषयाची स्वतंत्र पदवी देतात, आणि मद्रासच्या आयआयटीतही वारसा-वास्तूंच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय केंद्र आहे. तथापि सरकारदरबारी जिच्या दुरुस्तीचा कागद निघतो, ती वेस, तो वाडा किंवा तो दगडी कमानीचा पूल तालुक्याच्या गावी असतो, आणि त्याच्या अंदाजपत्रकावर सही करणारा अभियंताही तेथेच बसतो. ही विद्या त्याच्यापर्यंत पोचली तरच तिचा उपयोग.

म्हणून आमची विनंती अशी की राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जुन्या बांधकामाचे परीक्षण व मजबुतीकरण हा विषय सक्तीचा करावा; विद्यार्थ्याला निदान एक सत्र चुन्याची घाणी चालविणाऱ्या गवंड्याच्या, पाथरवटाच्या आणि सुताराच्या हाताखाली काढावयास लावावे; आणि खात्याने निविदा मंजूर करताना सर्वांत कमी दराइतकेच या कामाच्या अनुभवाला मोल द्यावे. वाचकांपैकी जे शिक्षक, अभियंते किंवा लोकप्रतिनिधी असतील त्यांनी हा आग्रह आपापल्या ठिकाणी धरावा, एवढेच आमचे मागणे.